विनातारण कर्ज हवंय? मग घराची कागदपत्रं काढा

कारखाना वाढवायचाय? उत्तम. सरकार पाठीशी आहे. सीजीटीएमएसई ही योजना 2000 सालापासून चालू आहे. बँकेनं छोट्या उद्योगाला तारण न घेता कर्ज द्यायचं, बुडालं तर बहुतेक वेळा 75 ते 85 टक्के भरपाई या योजनेचा ट्रस्ट बँकेला देणार. मर्यादा आधी दोन कोटी होती, 2023 मध्ये पाच झाली, एप्रिल 2025 पासून दहा कोटी. मी मागितले अठ्ठावीस लाख. हावरटपणा माझाच.

नाशिकमधल्या अंबडच्या शेडमध्ये एक व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, आणायच्या नादात गेल्या सात महिन्यांत जे शहाणपण आलं, ते फुकट वाटतोय.

सगळ्यात आधी, बँकेत योजनेचं नाव घेऊ नका. साहेबांना वाईट वाटतं.

फाइलच्या पाच झेरॉक्स ठेवा. साहेबांची बदली होणारच आणि नवे साहेब "पहिल्यापासून बघू या" म्हणणारच.

उद्यम नोंदणी, तीन वर्षांचे ताळेबंद, जीएसटी रिटर्न, सीएने बनवलेला प्रोजेक्ट रिपोर्ट घ्या. सोबत विम्याच्या हप्त्याचा चेकही घ्या. त्या पॉलिसीचा कर्जाशी संबंध नसतो म्हणे. फक्त ती घेतली की फाइल हलते.

आता तारण. "गॅरंटी आहे हो, पण आमच्या कम्फर्टसाठी काय देताय?" असा प्रश्न आला की गोंधळू नका, घराकडे बोट दाखवा. मी सिडकोतला आईच्या नावावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट दाखवला. मग मालकी तपासणारा सर्च रिपोर्ट, बँकेच्या पॅनेलवरच्याच वकिलाकडून. मग व्हॅल्युएशन, पॅनेलवरच्याच माणसाकडून. दोघांची फी मी भरली. व्हॅल्युएशनवाल्यानं टेप लावून हॉल मोजला. आईनं त्याला चहा दिला, तिला वाटलं घरपट्टीवाला आलाय. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, इमारत जुनी आहे, किंमत कमी धरली, अजून काही आहे का? आहे ना. बायकोचं मंगळसूत्र आहे, लेथ आहे, पंधरा वर्षांचं खातं आहे ज्यात एक हप्ता चुकलेला नाही. खात्याला किंमत नाही म्हणे. मग सिबिल कशाला काढता हो? सिलिंडर उधार घेतल्यासारखं माझं तोंड का बघता? विनातारण म्हणजे तारण नाही, हे कळायला कुठली परीक्षा द्यावी लागते?

शेजारच्या शेडमधल्या पोरानं आठच लाख मागितले, त्याच्याकडे एफडी मागितली. दहा लाखांपर्यंत छोट्या उद्योगाकडून तारण घ्यायचंच नाही, असं रिझर्व्ह बँक 2010 पासून सांगतेय. पोरगा म्हणाला, जाऊ दे काका, भांडलो तर तेही मिळायचं नाही. आपण सगळे असंच म्हणतो.

आणि हो, गॅरंटी आपल्यासाठी आहे असं समजू नका. ती बँकेसाठी आहे. तिची वार्षिक फी मात्र बहुतेक ठिकाणी आपल्याच खात्यातून कापतात. कर्ज थकलं तरी आपण सुटत नाही, वसुली चालूच राहते. त्याबद्दल तक्रार नाही. कर्ज मी घेणार, मीच फेडणार.

पण साहेब, मग तुम्हाला भीती कसली? बुडीतातला मोठा वाटा ट्रस्ट उचलणार, फी मी भरणार, राबणारही मीच. तुम्ही फक्त सही करायची. तेवढी जोखीमसुद्धा घ्यायची नसेल तर शाखेबाहेर उद्योजकांच्या हसऱ्या फोटोंचे फलक कशाला लावलेत? काढा ते. माझी ऑर्डर राजकोटला गेली. चार पोरं कामावर घेणार होतो, त्यांना "पुढच्या महिन्यात" सांगून तीन वेळा परत पाठवलं. तुमच्यापर्यंत यातलं काही पोचतं का?

मशीनच्या कोटेशनची मुदत तिसऱ्यांदा संपतेय, उद्या. मी अकराला येतोय. लिंक फेल आहे म्हणू नका.