घरी येऊन सुई लावणारं कोणी आहे का?

आज सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला. "मुलाला ताप आहे, सेफ्ट्रिअक्झोन आणून ठेवलंय. घरी येऊन सुई लावणारं कोणी आहे का?" सेफ्ट्रिअक्झोन म्हणजे सुईने द्यायचं अँटिबायोटिक. खाली धडाधड नंबर. एकाने तर लिहिलं, माझ्याकडे मागच्या वेळच्या दोन व्हायल (इंजेक्शनच्या बाटल्या) उरल्यात, घेऊन जा. त्याला सगळ्यांचे अंगठे.

ताप कशाचा, लिहून कोणी दिलं, पोराला कशाची अ‍ॅलर्जी आहे का, एकानेही विचारलं नाही. मी मेसेज टाकणाऱ्या ताईंना फोन केला. पोराला डॉक्टरांना दाखवलंच नव्हतं. "मेडिकलवाल्याने दिलं ना, मागच्या वेळी पण हेच दिलं होतं." नागपुरातल्या बेसा-मनीषनगरात राहणारी शिकली-सवरलेली माणसं आहेत हो ही!

माझं आयुष्य वॉर्डात गेलं, अशा व्हायल फोडण्यात. म्हणून लिहितेय, आणि रागातच लिहितेय.

मला माझा मामा आठवला. काटोलकडे त्याची संत्र्याची बाग. 2018 चा पावसाळा, बागेत गुडघाभर गवत. मामाला ताप आला. गावातल्या एकाने रोज सकाळी घरी येऊन सलाईन लावलं आणि त्यातून हेच इंजेक्शन दिलं. मी फोनवर म्हटलं, नागपूरला आणा, रक्त तपासू. मामा म्हणाला, "काहून घाबरते बाप्पा? सुई सुरू आहे ना!" ताप रोज थोडा उतरायचा, रात्री पुन्हा चढायचा. उतरायचा तो सोबतच्या तापाच्या इंजेक्शनने, आणि नाव व्हायचं अँटिबायोटिकचं.

शेवटी धाप लागली तेव्हा आणलं. इथल्या एका निवासी डॉक्टर मुलीने त्याचा शर्ट काढायला लावला, हात वर करायला लावला. काखेत काळी खपली, सिगरेटचा चटका बसल्यासारखी. स्क्रब टायफस. त्या वर्षी आपल्या भागात त्याचे रुग्ण एकामागून एक येत होते. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होतो. तो जंतू आपल्या पेशींच्या आत राहतो, सेफ्ट्रिअक्झोनने त्याचं काही वाकडं होत नाही. त्याला लागते डॉक्सिसायक्लिन, काही रुपयांची गोळी! ती सुरू झाल्यावर दोन दिवसांत मामाचा ताप उतरला. पण मधल्या दिवसांत फुफ्फुसांना लागायचं ते लागून गेलं होतं.

सुई म्हणजे भारी औषध आणि गोळी म्हणजे हलकं, हे डोक्यातून काढा ना एकदा. जंतू कोणता आहे त्यावर औषध ठरतं. डेंग्यू तर विषाणूचा, त्यावर कुठलंच अँटिबायोटिक चालत नाही. उलट डेंग्यूत प्लेटलेट पडलेल्या असताना कमरेत सुई टोचली तर आत रक्त साकळतं. ऑगस्टमध्ये तापलेल्या पोराला डेंग्यू नाही हे मेडिकलवाल्याला काउंटरवरून कसं कळलं?

हेच सेफ्ट्रिअक्झोन मेंदूज्वरात, टायफॉइडमध्ये, रक्तात जंतू पसरले असताना जीव वाचवतं. मी वाचवताना पाहिलंय. म्हणूनच ते असं खिरापतीसारखं वाटलेलं बघवत नाही. 2014 पासून ते शेड्यूल एच-1 या कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहे. चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं, ते रजिस्टर 3 वर्षं ठेवायचं. या पोराचं नाव लिहिलं असेल का कुणी?

मान्य आहे, सरकारी दवाखान्यात रांगेत अख्खा दिवस जातो आणि खाजगीत खिसा रिकामा होतो. हेही मान्य की कधीकधी डॉक्टर स्वतःच उरलेला कोर्स घरी घ्यायला सांगतात. पण तेव्हा निदान झालेलं असतं, पहिले डोस दवाखान्यात झालेले असतात, देणारी सिस्टर शिकलेली असते.

शिकलेली म्हणजे काय, ते ऐका. कमरेत द्यायचं असेल तर हे औषध लिग्नोकेनमध्ये, म्हणजे बधिर करणाऱ्या औषधात कालवतात, म्हणजे कमी दुखतं. तेच कालवलेलं चुकून शिरेत गेलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आरएलच्या, म्हणजे रिंगर लॅक्टेट या सलाईनच्या बाटलीत ते मिसळायचं नसतं, त्यातल्या कॅल्शिअमशी त्याचे कण बनतात. मी मामीला विचारलं होतं, बाटली आरएलची होती की एनएसची, म्हणजे साध्या मिठाच्या सलाईनची? "मोठी होती वो," म्हणाली बिचारी. तिला कुठून कळणार? रात्र रात्र उशाशी बसून ओल्या फडक्याने अंग पुसत होती ती. तिच्यावर माझा राग नाही. तिने विश्वास ठेवला, एवढंच.

राग त्या लावणाऱ्यावर आहे. पेनिसिलीनने कधी अंगावर पुरळ आलं होतं का, हे त्याने मामाला विचारलं नाही. रिअ‍ॅक्शन आली तर मिनिटांत घसा सुजतो, बीपी कोसळतं. तेव्हा मांडीत अ‍ॅड्रेनलिन द्यावं लागतं, तिथल्या तिथे. टेस्ट डोस ठीक गेला म्हणजे पुढे काही होणार नाही, असंही नसतं. त्याच्या पिशवीत अ‍ॅड्रेनलिन नव्हतं, मी नंतर विचारलं. सुई टोचून पाच मिनिटांत तो मोटरसायकलवर पुढच्या घरी जायचा. मामाला रिअ‍ॅक्शन आली नाही, हे नशीब.

आणि डॉक्टरांनी सुई नाही म्हटलं की "काही कामाचा नाही" म्हणून नागपूरच्या धंतोलीतला दुसरा डॉक्टर शोधणारे आपणच. साध्या गोळ्या लिहून रक्त तपासायला पाठवणारा डॉक्टर आपल्याला आळशी वाटतो. बाई गं, तोच डोकं वापरतोय! अँटिबायोटिकच्या आधी कल्चरसाठी रक्त घेतलं तरच जंतू सापडायची शक्यता जास्त असते. आधीच तीन सुया टोचून आलात तर रिपोर्टमध्ये काय उगवणार?

ताईंनी दुपारी पोराला दाखवलं. व्हायल घरीच ठेवून गेल्या, माझं ऐकलं त्यांनी. डेंग्यूची तपासणी दिलीय, पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी सांगितलंय. बरं वाटलं मला.

या दिवसांत घरात कुणाला ताप असेल आणि ते माणूस शेतात, गवतात, बागेत गेलेलं असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना ते सांगा. काख, जांघ, कमरेचा पट्टा, बायकांनी छातीखालीसुद्धा नीट बघा. खपली दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंटला स्वतःला पत्ता नसतो. मामालाही नव्हता.