कात्री आवरणारे डिझायनर आणि माझी पैठणी

धाकट्या बहिणीच्या मुलीचे लग्न डिसेंबरात आहे आणि गेले दोन महिने ती मला फोनवर एकामागून एक कपड्यांची छायाचित्रे पाठवते आहे. प्रत्येक छायाचित्राखाली ‘मावशी, हा लूक कसा वाटतो?’ असा प्रश्न असतो आणि माझे उत्तर बहुतेक वेळा ‘छान’ एवढेच असते, याचा तिला मनापासून राग येतो. मागच्या आठवड्यात तिने सरळच विचारले, की तुला नेमके आवडते तरी काय, ते एकदा सांगून टाक. फोनवर ते धड सांगता आले नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. ज्यांना कपड्यांत रस नाही, त्यांनी खुशाल पुढे जावे.

माझी आई घरी शिवणकाम करायची. तिच्या यंत्राच्या पायथ्याशी बसून कातरणीतले तुकडे रंगांप्रमाणे लावत बसणे हा माझा खेळ होता. ब्लाउजच्या गळ्याला लावायची उरेब पट्टी कापताना ती कापड तिरके का धरते, असे मी एकदा विचारले, तेव्हा तिने बोलण्याऐवजी दोन पट्ट्या माझ्या हातात दिल्या, एक उभ्या धाग्यात कापलेली आणि दुसरी उरेब, आणि त्या ओढून बघायला सांगितले. पहिली तसूभरही हलली नाही आणि दुसरी रबरासारखी लांबली. कापड तेच, धागा तोच, फक्त कापण्याचा कोन बदलला तर कापडाचा स्वभाव बदलतो, ही गोष्ट मला त्या दिवशी जी कळली, तिच्या पलीकडे माझे फॅशनचे ज्ञान फारसे गेले आहे असे मला वाटत नाही. तेव्हापासून कोणताही कपडा पाहिला, की माझे लक्ष आधी रंगाकडे किंवा भरतकामाकडे जात नाही. कापड धाग्याच्या कोणत्या दिशेने लोंबते आहे, शिवण कुठे आहे आणि ती तिथे खरोखर हवी होती का, हेच मी पाहत राहते.

म्हणूनच माझ्या आवडत्या डिझायनरांत पहिले नाव मादलेन व्हियोने या फ्रेंच बाईंचे आहे, जरी त्यांनी आपले दुकान 1939 मध्ये, म्हणजे माझ्या आईच्या जन्माच्याही आधी, बंद केले होते. 1912 मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये स्वतःचे दालन उघडले. त्या काळापर्यंत उरेब कापड मुख्यतः कॉलर, पट्ट्या, कडा अशा फुटकळ कामांना वापरत. व्हियोनेबाईंनी अख्खा पोशाखच उरेब कापायला घेतला. कागदावर चित्र काढून त्या सुरुवात करत नसत. टेबलावर ठेवता येईल अशा एका लहानशा लाकडी पुतळीवर कापड टाकून, टाचण्या लावून, ते कुठे पडते आणि कुठे अडते हे पाहत त्या पोशाख घडवत. पंचेचाळीस अंशांत वळवलेले कापड अंगावर खूप जागा खाते, म्हणून त्यांनी विणणाऱ्यांकडून नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त पन्ह्याचे क्रेप खास करवून घेतले. त्यांचा 1930च्या आसपासचा फिकट रंगाचा, जवळजवळ बिनसजावटीचा संध्याकाळचा पोशाख हा मला आजवर पाहिलेल्या लूकमधला सर्वांत देखणा वाटतो. असा पोशाख हँगरला लावला तर ओल्या पंच्यासारखा केविलवाणा दिसतो आणि बाईने अंगात घातला, की तिच्या चालण्याबरोबर चालू लागतो. ज्याला शरीराशिवाय स्वतःचे असे काही रूपच नाही, असा कपडा करायला धीटपणा लागतो, कारण तो दुकानाच्या काचेत कधीच उठून दिसणार नाही.

इथे एक आडवळण घेते. साडीत उरेब नसते, असे आपण समजतो, पण ते पूर्ण खरे नाही. साडी कुठेही कापलेली नसली, तरी कमरेपासून निघून छातीवरून डाव्या खांद्याकडे जाणारा पदर अंगावर तिरकाच पडतो, आणि म्हणून तिथले कापड निऱ्यांसारखे सरळ न लोंबता अंगाला धरून वळते. एकाच कापडाचा खालचा भाग सरळ धाग्यात आणि वरचा भाग तिरका, आणि त्यासाठी एकदाही कात्री लागलेली नाही. नऊवारीत तर कासोट्यामुळे तेच कापड पायांभोवती आणखी निराळ्या दिशांनी फिरते. आपल्या आज्यांनी ही भूमिती पाठ केली नव्हती, त्या ती रोज सकाळी आरशाशिवाय नेसत होत्या.

दुसरे नाव इस्से मियाके यांचे. हिरोशिमात 1938 मध्ये जन्मलेला आणि सातव्या वर्षी अणुबॉम्ब पाहिलेला हा माणूस 2022 मध्ये गेला, तेव्हा बहुतेक बातम्यांत स्टीव्ह जॉब्ससाठी त्यांनी केलेल्या काळ्या बंद गळ्याच्या टी-शर्टाचाच उल्लेख ठळकपणे होता, याची मला हळहळ वाटली. त्यांच्या सगळ्या कामाच्या मुळाशी ‘कापडाचा एक तुकडा’ ही कल्पना होती. 1993 मध्ये त्यांनी ‘प्लीट्स प्लीज’ या नावाने बाजारात आणलेले चुण्यांचे कपडे कसे तयार होतात, हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा आईला मोठ्याने वाचून दाखवले होते. नेहमी आधी कापडाला चुण्या पाडतात आणि मग कपडा कापतात. मियाके उलटे करत: कपडा हव्या त्या मापाच्या अडीच-तीन पट मोठा आधी शिवून घेत आणि मग कागदांच्या मध्ये ठेवून उष्णता आणि दाब देऊन त्याला चुण्या पाडत. पॉलिएस्टरला उष्णतेत दिलेली घडी लक्षात राहते, त्यामुळे तो धुतला, गुंडाळून पिशवीत कोंबला, तरी पुन्हा तसाच उभा राहतो. आईने सगळे ऐकून ‘म्हणजे निऱ्यांना कायमची इस्त्री’ एवढेच म्हटले, आणि मला अजूनही यापेक्षा चांगली व्याख्या सापडलेली नाही. त्यांचा 1994चा ‘उडती तबकडी’ नावाचा पोशाख जमिनीवर ठेवला तर चपट्या चकत्यांचा ढीग दिसतो आणि उचलून धरला, की आपल्या घडीच्या कागदी आकाशकंदिलासारखा उलगडत जातो.

मियाकेही कापत आणि शिवत, हे मला मान्य आहे. कात्री हा गुन्हा आहे असे माझे म्हणणे नाही. पण 1990च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आपले सहकारी डिझायनर दाई फुजिवारा यांच्यासह जो प्रयोग केला, त्यात त्यांनी ती कात्री चक्क गिऱ्हाइकाच्या हातात दिली. यंत्रावर विणलेल्या अखंड नळीसारख्या कापडातच कपड्यांच्या रेषा विणून ठेवलेल्या असत, आणि घेणाऱ्याने त्या रेषांवरून कापले, की शिवणीशिवाय कपडा हातात येई आणि कडाही उसवत नसत. बाही किती ठेवायची, हे घालणाऱ्याने ठरवायचे. याच मियाके यांनी 1980च्या दशकात अहमदाबादच्या आशा साराभाई यांच्या कार्यशाळेबरोबर काम केले, हे समजल्यावर मला मुळीच आश्चर्य वाटले नाही.

आता घराजवळचे. वेंडेल रॉड्रिक्स मुंबईत जन्मले, केटरिंगच्या व्यवसायातून फॅशनकडे वळले आणि शेवटी गोव्यात कोलवाळ इथे राहून काम करत राहिले. आपल्याकडचे बहुतेक डिझायनर जरदोजीचे वजन वाढवत लग्नाच्या बाजाराकडे निघाले होते, त्या काळात हे गृहस्थ पांढरे लिनन, सुती कापड आणि मोजक्या शिवणी घेऊन समुद्रकाठच्या उकाड्याचा विचार करत होते. घाम येणाऱ्या देशात घाम गृहीत धरून कपडा करणे ही मला फार मोठी सौंदर्यदृष्टी वाटते. 2010 मध्ये त्यांनी दिल्लीच्या रॅम्पवर गोव्याची कुणबी साडी आणली. लाल-पांढऱ्या चौकड्यांची, शेतात राबणाऱ्या बायका गुडघ्यापर्यंत नेसून खांद्यावर जिची गाठ मारत, अशी ही सुती साडी. ती विणणारे हात गोव्यात जवळजवळ उरले नव्हते. त्या गाठीवर मी भाळले आहे. पिन नाही, ब्रोच नाही, कापडाच्याच दोन टोकांची गाठ, आणि चिखलात वाकले तरी न सुटणारी. त्या साडीवर नेकलेस कोणता घालावा, असा प्रश्न पडणाऱ्या स्टायलिस्टने दुसरा व्यवसाय बघावा. रॉड्रिक्स यांना 2014 मध्ये पद्मश्री मिळाली आणि फेब्रुवारी 2020 मध्ये ते अचानक गेले. त्यांच्या जाण्याची बातमी आली, त्या दिवशी मी कपाटातला एकुलता एक पांढरा लिननचा कुर्ता इस्त्री न करता घालून कामावर गेले होते.

माझी ही मते इतकी कडक का झाली, त्यामागे एक नुकसान आहे. चारेक वर्षांपूर्वी एका चुलतभावाच्या स्वागतसमारंभासाठी मी आईची पैठणी एका बुटिकला गाऊन शिवायला दिली. बुटिकचे नाव सांगत नाही, कारण हौस माझीच होती. पैठणीच्या पदरावरचे मोर विणकराने साडी नेसल्यावर ते कसे दिसतील, या हिशेबाने विणलेले असतात. गाऊनच्या वरच्या भागात पदर कापून बसवताना ते मोर पाय वर करून उलटे झाले. जरीच्या आडव्या धाग्यांनी पदराला जो भरीव ताठपणा येतो, तो खांद्यावरून पाठीवर लोंबताना शोभतो. तोच छातीवर टक्स घालून बसवल्यावर पुठ्ठ्यासारखा उभा राहिला. काठ कापले गेले, त्या बाजूने धागे सुटू लागले आणि आतून अस्तर लावून ते झाकण्यात आले. गाऊन घालून मी समारंभात तीन तास उभी राहिले, कारण बसता येत नव्हते. आई काहीही बोलली नाही. घरी आल्यावर तिने गाऊन उलटा करून आतली शिवण पाहिली आणि ‘शिवण मात्र सरळ आहे’ असे म्हणाली. तिच्या तोंडून मी ऐकलेले सर्वांत बोचरे वाक्य ते होते.

भाचीने पाठवलेल्या छायाचित्रांत न्यूयॉर्कच्या मेट गालाची, म्हणजे तिथल्या संग्रहालयाच्या वार्षिक फॅशन सोहळ्याची, बरीच आहेत, म्हणून त्यांच्याविषयीही बोलते. 2022 मध्ये आपल्या पुण्याच्या नताशा पूनावाला यांनी सब्यसाची यांची सोनेरी भरतकामाची जाळीची साडी शियापारेली या फ्रेंच घराण्याच्या धातूच्या चोळीवर नेसली होती, आणि अनैता श्रॉफ अदजानिया यांचे ते स्टायलिंग मला धाडसी वाटले, आवडलेही. तलम, गळणारे कापड आणि त्याखाली अजिबात न वाकणारा धातू, अशी ती गाठ होती. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याचे काम करत नव्हते. 2024 मध्ये आलिया भट यांनी सब्यसाचींचीच फिकट हिरवी, तेवीस फुटांचा पदर जमिनीवर लोळणारी साडी नेसली, तेव्हा मात्र मी थंडच राहिले. साडी सुरेख होती, पण 163 जणांनी 1965 तास काम केले, हा आकडा ज्या अभिमानाने सगळीकडे फिरत होता, त्याचा मी भागाकार करून पाहिला, तर माणशी बारा तास आले. येवल्याच्या मागावर एखाद्या भरजरी पैठणीसाठी विणकर महिनोन्‌महिने बसतो आणि त्याचे तास कोणी जाहीर करत नाही. शिवाय जो पदर उचलायला दुसरी माणसे लागतात, तो खांद्यावरून सोडलेला असला, तरी माझ्या लेखी पदर नव्हे, शेपूट आहे.

त्याउलट वैशाली शडांगुळे यांचे काम मला दरवेळी थांबून बघावेसे वाटते. विदिशासारख्या गावातून आलेल्या या बाईंनी जुलै 2021 मध्ये पॅरिसच्या ओत कुतुर, म्हणजे मापाने हाती शिवलेल्या उंची कपड्यांच्या, सप्ताहात आपले कपडे दाखवले, आणि भारतीय स्त्री डिझायनर तिथे त्यापूर्वी पोहोचली नव्हती. आपल्या चोळीचा खण, जो कर्नाटकात गुळेदगुड्डला विणला जातो आणि परकर-पोलक्यापुरता ठेवून आपण ज्याला विसरून गेलो होतो, तो त्यांनी हाताळला आहे. त्या कापडाच्या बारीक दोऱ्या करून त्यांच्या लाटा कपड्यावर अशा बसवतात, की झाडाची मुळे किंवा शिंपल्याच्या कडा आठवाव्यात. सगळेच मला रुचते असे नाही, काही पोशाख फारच गुंतागुंतीचे होतात, पण वरून चिकटवलेले तिथे काही नसते. जे दिसते ते कापडातूनच उगवलेले असते.

शिवलेल्या नऊवारीबद्दल भाचीने दोनदा विचारले आहे. लावणी करणाऱ्या मुलींना आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या लहानग्यांना ती हवीच, माझी काही तक्रार नाही. लग्नात मात्र तिने ती आजीकडून नेसवून घ्यावी, अर्धा तास जाईल तेवढा जाऊ द्यावा, आणि ओचा सुटला तर सुटला.

बुटिकने उरलेले कापड पिशवीत घालून परत दिले होते. त्यात पैठणीचा दोनेक मीटरचा अंगाचा भाग आहे, बुट्ट्या शाबूत आहेत आणि दोन्ही काठ आहेत. भाचीला स्वागतसमारंभासाठी ते शेला म्हणून हवे आहे, खाली साधे मोतिया रंगाचे लिनन घालणार म्हणते. मी हो म्हटले आहे. कापलेल्या दोन टोकांचे धागे अजून सुटताहेत, तेवढी ती टोके मी हाताने दुमडून, बारीक टीप घालून देणार आहे. आईला सुईत दोरा आता दिसत नाही, पण ती शेजारी बसणार आहे.