पोकेमॉनच्या लढतीत पुन्हा तोच ॲडमंट गारचॉम्प!

अरे, किती वेळा सांगायचं? गारचॉम्पला शेवटी झाडू मारायला, म्हणजे समोरची उरलेली टीम साफ करायला ठेवताय ना, मग नेचर (स्वभाव) स्पीड वाढवणारा जॉलीच, मार वाढवणारा ॲडमंट नाही! लेव्हल १०० ला, स्पीडमध्ये २५२ ईव्ही (सरावाचे गुण) घालून जॉली ३३३ गाठतो. ॲडमंट ३०३ वरच अडकतो, मग समोरचा १०० बेस (मूळ) स्पीडचा, ३२८ वाला जॉली पोकेमॉन आधी हाणून मोकळा.

आणि दुसऱ्याच टर्नला स्वोर्ड्स डान्स (हल्ल्याची ताकद वाढवणारी चाल) कशाला? विरार फास्टला चर्चगेटपासूनच दारात लटकल्यासारखं! समोर आइस शार्ड ही बर्फाची चाल असलेला जिवंत आहे. गारचॉम्पला बर्फाचा मार चौपट, त्यात प्रायॉरिटी (ही चाल आधी लागते), म्हणजे तुमचा स्पीड गेला चुलीत. आधी त्याला काढा, स्टेल्थ रॉक (मैदानात उतरणाऱ्याला टोचणारे खडक) टाका, मग गारचॉम्प सोडा.

खडकांपासून वाचवणारे बूट न घालता व्होल्कारोना या पोकेमॉनला त्या खडकांवर उतरवणाऱ्यांचं तर बोलूच नका. अर्धा एचपी (जीव) तिथेच साफ!