इंग्लंडमधला ‘मुहम्मद’ आणि आपल्याकडचा फॉरवर्ड

मेसेज तुमच्याकडेही येऊन गेला असेल: इंग्लंडमध्ये बाळांचं सर्वांत लाडकं नाव आता मुहम्मद, म्हणजे निम्मी नवी पिढी मुसलमान, सरकार स्पेलिंगं वेगळी मोजून हे दडपतंय, आणि हे नाव ठेवणं म्हणजे झेंडा रोवणं.

पहिला भाग खरा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी मुलग्यांच्या यादीत मुहम्मद पहिला आला. घोळ आहे तो पुढच्या ‘म्हणजे’मध्ये.

‘निम्मी पिढी’ म्हणणाऱ्याने भागाकार केलेलाच नाही. २०२४ मध्ये हे नाव ५,७२१ मुलग्यांना मिळालं. त्या वर्षी तिथे जन्मलेले मुलगे तीन लाखांच्या वर. शंभरात दोनसुद्धा भरत नाहीत! तरी पहिला नंबर लागतो, कारण बाकीच्यांची नावं पार विखुरली आहेत. १९१४ पासून १९४४ पर्यंत दर दहा वर्षांची यादी काढली तर प्रत्येक वेळी जॉनच वर दिसतो. आता तिथल्या आईबापांना वर्गात दुसऱ्या कुणाचं नसेल असं नाव हवं असतं (आपल्याकडे तरी काय वेगळं चाललंय?). मुस्लिम घरांत मात्र पैगंबरांचं नाव मुलाला द्यायची प्रथा टिकून आहे, त्यामुळे सगळी मतं एकाच पेटीत पडतात.

पटत नसेल तर त्याच वर्षीची मुलींची यादी काढा. पहिली ऑलिव्हिया, मग अमेलिया. निम्मी पिढी मुसलमान असती तर फातिमा, मरियम, आयेशा पहिल्या दहांत नकोत का? एकही नाही. २०२१ च्या जनगणनेत तिथले मुस्लिम ६.५ टक्के होते. हा समाज वयाने तरुण आहे, त्यामुळे जन्मांमधला त्यांचा वाटा याहून जास्त असणार, हे मान्य. पण तिथून निम्म्यापर्यंतची उडी हनुमानालाच जमेल.

आता दडपादडपी. तिथलं सांख्यिकी कार्यालय प्रत्येक स्पेलिंग वेगळं मोजतं हे खरं. पण तोच नियम सोफियाच्या दोन स्पेलिंगांनाही लागतो. मोहम्मदची इतर रूपं मिळवली तर हे नाव बरीच वर्षं आधीच पहिलं ठरलं असतं, तरीही २०२४ चा आकडा शंभरात तीनच्या आसपासच राहतो. शिवाय ही यादी त्याच कार्यालयाने जाहीर केली आहे, कुणालाही फुकट उतरवून घेता येते. लपवायचं असतं तर पहिल्या नंबरावर कशाला छापलं असतं?

राहिला झेंडा. ‘हम्द’ म्हणजे स्तुती, आणि मुहम्मद म्हणजे ज्याची पुष्कळ स्तुती होते तो. अहमद, महमूद, हमीद ही त्याच धातूची भावंडं. उपखंडात तर हे नाव कित्येकदा फक्त बरकतीसाठी पुढे लावलेलं असतं. कागदोपत्री त्याचं नुसतं ‘मो.’ होतं आणि हाक मारतात दुसऱ्याच नावाने. मोहम्मद अझरुद्दीन आपल्याला अझर म्हणून माहीत, पुढचे दोघे शमी आणि सिराज. तिघांचंही पहिलं नाव एकच आहे, हे मॅच बघताना कुणाच्या मनातही येत नाही.

आणि हो, २०२४ च्या त्या यादीत दुसरा आलेला नोआ म्हणजे कुराणातला नूह. त्याच्यावर अजून फॉरवर्ड आलेला नाही.