चोराच्या हातची लंगोटी

एके सकाळी माझा योद्धा नगराच्या भर चौकात नुसत्या लंगोटीवर उभा सापडला.

एका ऑनलाइन खेळात साडेतीन वर्षं खपून मी त्याला नटवला होता. साठावी पातळी, चंदेरी शिरस्त्राण, ड्रॅगनच्या खवल्यांची ढाल आणि एक काळा घोडा. त्या घोड्यासाठी मी सलग चाळीस रविवार त्याच एका गुहेत त्याच एका राक्षसाला मारत होतो. शेवटी शेवटी राक्षसालाही माझी सवय झाली असावी. रात्री झोपायला गेलो तेव्हा हे सगळं जागच्या जागी होतं. सकाळी घोडा नाही, ढाल नाही, शिरस्त्राण नाही, थैलीत एक नाणं नाही. चोरानं फक्त फाटक्या जोड्यांचा एक जोड मागे ठेवला होता. तोही दया म्हणून नव्हे. काही वस्तू खात्याला कायमच्या बांधलेल्या असतात, त्या विकता येत नाहीत, म्हणून. आणि गप्पांच्या खिडकीत माझ्या योद्ध्याच्या नावानं रात्रभर एकच आरोळी चाललेली: "स्वस्तात सोनं! स्वस्तात सोनं!" म्हणजे लुटलं ते लुटलं, वर त्याला फेरीवाला करून चौकात उभा केला.

खेळातल्या सोन्याला खेळाबाहेर खरंखुरं गिऱ्हाईक असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, माझ्या लुटुपुटीच्या ढालीवर कोण कशाला डोळा ठेवेल? चोराला ती लुटुपुटीची वाटत नव्हती. माझी कदर करणारा पहिला माणूस भेटला, तो असा.

झालं होतं असं की, आदल्या रात्री पावणेबाराला एक पत्र आलं होतं. विषय, "आपल्या खात्यात संशयास्पद हालचाल". चोवीस तासांत ओळख पटवली नाही तर खातं कायमचं बंद. वर कंपनीचं बोधचिन्ह, मध्ये निळं बटण, तळाशी बारीक अक्षरांत "आम्ही आपला पासवर्ड कधीही विचारत नाही". हे शेवटचं वाक्य वाचून मला फार भरवसा वाटला. मी बटण दाबलं, त्यांनी पासवर्ड विचारला, मी दिला. "धन्यवाद, आपलं खातं आता सुरक्षित आहे," असं हिरव्या अक्षरांत उमटलं. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. मी पेशानं मुद्रितशोधक आहे. दिवसभर प्रुफं वाचतो. अनुस्वार गळाला, वेलांटी चुकली की माझा डोळा ठेच लागल्यासारखा तिथे थांबतो. त्या पत्रात दोन चुका होत्या. एकवचनी कर्त्याला अनेकवचनी क्रियापद, आणि एका वाक्याच्या शेवटी दोन पूर्णविराम. दोन्ही मला दिसल्या. मी त्या मनातल्या मनात दुरुस्त केल्या आणि पुढे गेलो. पंचवीस वर्षांची सवय आहे हो. चूक दिसली की सुधारायची, लिहिणाऱ्याच्या हेतूत शिरायचं नाही.

भाचा आला. त्याला मी घडलेलं सांगितलं, दोन पूर्णविरामांसकट. तो काही बोलला नाही. त्यानं ते पत्र उघडून माझ्यासमोर धरलं.

"मामा, पाठवणाऱ्याचा पत्ता वाच."

"वाचला. बरोबर आहे."

"तू शब्द वाचतोयस. अक्षरं वाच."

कंपनीच्या नावात 'एम' आहे. पत्त्यात 'एम' नव्हताच. तिथे 'आर' आणि 'एन' एकमेकांना असे खेटून बसले होते की लांबून त्यांचा 'एम' व्हावा. भाच्यानं अक्षरं मोठी केली तेव्हा त्या दोघांच्या मधली फट दिसली. केसाएवढी. जोडाक्षरांत माझा जन्म गेला आणि मला बुडवलं तेही जोडाक्षरानंच.

मग त्यानं बटणामागची लिंक दाखवली. तिच्यात कंपनीचं नाव अगदी शुद्ध होतं, पण सुरुवातीला. "सुरुवातीला कोणीही काहीही लिहू शकतो," तो म्हणाला, "सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोड. त्यानंतर पहिली एकटी तिरकी रेघ येते, तिथे थांब आणि तिथून मागे वाच. रेघेला चिकटून जे नाव असतं, तो खरा घरमालक. बाकीचे सगळे दारावरच्या पाट्या." मी मागे वाचत गेलो. घरमालक कोणीतरी भलताच निघाला. बारा-तेरा अक्षरं, त्यात स्वर औषधालाही नाही.

पण खरा कहर पुढेच होता. माझा पासवर्ड अकरा ठिकाणी एकच. त्यात माझी ईमेलही. चोरानं तिथे शिरून काय करावं? त्यानं एक नियम लावून ठेवला होता: कंपनीकडून येणारं प्रत्येक पत्र थेट कचऱ्यात. "आपला पासवर्ड बदलण्यात आला आहे", "नव्या उपकरणावरून प्रवेश झाला आहे", "हे आपणच आहात ना?" अशी खरी, जीव तोडून लिहिलेली पाच पत्रं कचऱ्यात निपचित पडली होती. खोटं तेवढं समोर. माझी ईमेल इतकी नीटनेटकी लावून ठेवणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

आता खातं परत मिळवायचं. कंपनीच्या मदतकेंद्रात आधी एक यंत्र बोलतं. ते विचारतं, तुम्ही कशावरून तुम्हीच? खातं कधी उघडलं? पहिल्या खरेदीच्या पावतीचा क्रमांक? चोराला विचारलं असतं तर त्यानं पटापट सांगितलं असतं, पावत्या त्याच्या ताब्यात होत्या. मग आला गुप्त प्रश्न: तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय? मी कधी प्राणी पाळलेला नाही. खातं उघडताना भाच्यानंच बजावलं होतं की असल्या प्रश्नांना खरी उत्तरं द्यायची नसतात, ती कोणीही शोधून काढतं. म्हणून मी थाप मारली होती. साडेतीन वर्षांपूर्वीची थाप. न पाळलेल्या प्राण्याचं नाव आठवत मी तासभर बसलो. पाचव्या प्रयत्नाला यंत्रानं मला संशयित ठरवलं. त्याच दिवशी सोन्याच्या जाहिराती केल्याबद्दल माझं खातं गोठवल्याचंही कळवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर संन्यासी लंगोटीवरच होता.

नऊ दिवस हे चाललं. त्या नऊ दिवसांत, रिकामा असल्यामुळे, मी या विषयावर बरंच वाचलं. थोडं बरं वाटलं.

डिसेंबर २०१५ मध्ये स्टीम हे संगणकावरच्या खेळांचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं स्वतःच सांगितलं होतं की दर महिन्याला सुमारे ७७,००० खाती चोरून लुटली जातात, आणि त्यात नवखेच असतात असं नाही, व्यावसायिक खेळाडूही असतात. म्हणजे आमची पंगत मोठी. सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कवर एप्रिल २०११ मध्ये दरोडा पडला तेव्हा सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती उघडी पडली आणि सेवा २३ दिवस बंद होती. तिथे खेळाडूंनी कुठलंही निळं बटण दाबलं नव्हतं. हे वाचून मला उगाच मोठेपणा वाटला. मी निदान स्वहस्ते दिलं. रॉकयू ही सोशल नेटवर्कवरचे खेळ आणि खेळणी बनवणारी कंपनी. २००९ मध्ये तिच्याकडचे ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर आले. ते तिनं जसेच्या तसे, न झाकता ठेवले होते. त्यात सर्वांत लाडका पासवर्ड कोणता, तर १२३४५६. जवळजवळ २ लाख ९० हजार लोकांना तोच सुचला होता. माझा त्याहून बरा होता. माझ्यात शेवटी एक उद्गारचिन्हही होतं.

आणि व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी तर २०११ मध्ये स्टीम गार्ड हे खात्याचं दुसरं कुलूप आणताना स्वतःच्या खात्याचा पासवर्ड जाहीर सभेत सांगून टाकला. कुलपावर इतका विश्वास, की किल्ली चव्हाट्यावर. मीही पासवर्ड सांगितलाच होता की. फक्त एकालाच.

पण मला सगळ्यांत भावली ती वेगळीच गोष्ट. लोक कुलूप लावत नाहीत, हे या कंपन्यांना पुरतं कळून चुकलं होतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टवाल्या ब्लिझार्डनं २००८ मध्ये कोड दाखवणारं किल्लीएवढं यंत्र आणलं, आणि पुढे ते खात्याला जोडणाऱ्याला खेळात दोन तोंडांचं एक कुत्र्याचं पिल्लू बक्षीस दिलं. फोर्टनाइटनं २०१८ मध्ये टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डवर आणखी एक कुलूप, चालू करणाऱ्याला एक नाच फुकट दिला. सुरक्षिततेसाठी हातपाय न हलवणारी माणसं नाचासाठी धावत सुटली. मला हसू येईना. पिल्लू मिळत असतं तर मीही पहिल्याच दिवशी कुलूप लावलं असतं.

दहाव्या दिवशी मदतकेंद्रात एक खरा माणूस लागला. खातं सुटलं. घोडा परत आला, ढाल परत आली. शिरस्त्राणाची चौकशी चालू आहे, कळवू, म्हणाले. सोनं गेलं ते गेलं. चोराच्या हातची लंगोटी म्हणून मी मुकाट्यानं जे मिळालं ते घेतलं.

बैल गेल्यावर झोपा बांधायला मी बसलो, तो मात्र मन लावून. आधी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड सांभाळणारा आणि आपणहून भरणारा. अकरा ठिकाणी अकरा वेगळे पासवर्ड, सगळे असे की छापखान्यात खिळे जुळवताना अक्षरांची पेटी उलटी पडावी. हा मॅनेजर एक मजा करतो. पत्ता हुबेहूब जुळला तरच तो पासवर्ड भरतो. भाच्यानं गंमत म्हणून जुन्या पत्रातली ती खोटी लिंक उघडली, तर मॅनेजर ढिम्म. त्याला 'आर-एन'चा 'एम' दिसतच नाही, कारण तो वाचत नाही, नुसता जुळवून बघतो. ज्याला वाचता येत नाही असा मुद्रितशोधक माझ्यापेक्षा सरस निघाला.

मग फोनवरचं सहा आकडी कोडाचं अ‍ॅप. दर तीस सेकंदांनी आकडे बदलतात. इंटरनेट बंद असलं तरी बदलतात, कारण फोन आणि कंपनी या दोघांकडे एकच गुपित असतं आणि दोघं घड्याळाकडे बघून त्यातून तेच आकडे काढतात. मी पहिला आकडा वाचून, चष्मा सावरून, तिसऱ्या आकड्यापर्यंत पोचलो की कोड बदलतो. शिवाय भाच्यानं आधीच तंबी दिली, "मामा, खोट्या पानावर हा कोडही मागतात. तू दिलास की चोर तिकडे तीस सेकंदांच्या आत वापरतो." चोराला तीस सेकंद पुरतात. मला पुरत नाहीत.

फोन हरवला तर म्हणून कंपनीनं दहा राखीव कोड दिले. "कागदावर लिही आणि सुरक्षित जागी ठेव." मी ते शब्दकोशात ठेवले, पटकन आठवेल अशा शब्दापाशी. दोन महिन्यांनी फोन बदलला आणि जुन्यावरचं अ‍ॅप पुसून टाकलं. मग शब्दकोश काढला. 'कुलूप' पाहिलं, 'किल्ली' पाहिली, 'गुप्त', 'चोर', 'तिजोरी', 'राखीव', 'संकट'. काही नाही. तिसऱ्या दिवशी कामाच्या गडबडीत 'शिरस्त्राण'मधल्या 'णा'ची खात्री करायला कोश उघडला, तर कागद तिथे. किती हळवेपणानं ठेवला होता तो.

त्यानंतर मात्र मी पक्का झालो. परवाच आमच्या टोळीतल्या एका जुन्या सोबत्याचा निरोप आला: "चुकून तुझ्याविरुद्ध तक्रार केली गेली, खातं बंद होईल, लवकर या अधिकाऱ्याशी बोल." मी विचारलं, आपण पहिली गुहा कोणती जिंकली? उत्तर आलं, "हाहा, घाई कर." बिचाऱ्याचं खातं आधीच गेलेलं. दुसरा म्हणाला, माझ्या संघाला मत दे. पानावर लॉगिनची एक छोटी खिडकी उगवली, वर पत्ता अगदी शुद्ध, कुलपाच्या चित्रासकट. मी तिला माउसनं धरून ब्राउझरच्या बाहेर ओढायला लागलो. खरी खिडकी बाहेर येते. ही ब्राउझरच्या काठाशी येऊन अडली आणि पुढे सरकेना, भिंतीवर रंगवलेल्या दारासारखी. पत्त्यासकट अख्खी खिडकी म्हणजे त्या पानावरचं चित्र होतं. ती मी दहा वेळा काठापर्यंत ओढून पाहिली. राक्षसाला मारण्याइतकाच आनंद झाला.

गेल्या महिन्यात पुन्हा एक पत्र आलं. मी ते भिंगाखाली घातल्यासारखं वाचलं. पत्ता अक्षर-अक्षर बरोबर. 'एम' तो 'एम'च. घाई नाही, धमकी नाही, लिंकसुद्धा नाही. "आपली वस्तू सापडली आहे. तीस दिवसांत नेहमीप्रमाणे खेळात प्रवेश करून ती परत घ्यावी." व्याकरण निर्दोष. एक स्वल्पविरामही इकडचा तिकडे नाही. तिथेच मी ओळखलं. आजकाल पत्रं यंत्राकडून लिहून घेतात, चुका कुठून होणार? एवढं शुद्ध कोण लिहितं? मी ते 'फिशिंग', म्हणजे गळ टाकणारं खोटं पत्र, म्हणून कळवलं, कायमचं पुसलं आणि भाच्याला फोन करून शाबासकी मागितली.

तो काल आला. खेळात शिरून बघत बसला आणि म्हणाला, "मामा, इथे शिरस्त्राण परत घ्यायची सूचना पडली आहे. मुदत परवा संपली."

माझा योद्धा आता काळ्या घोड्यावर बसतो, ढाल पुढे धरतो आणि उघड्या डोक्यानं लढाईला जातो. टोळीतल्या कोणी विचारलंच तर मी सांगतो, त्याला शिरस्त्राणात उकडतं.