पीसीओडीचं खापर मुलींच्या डोक्यावर फोडू नका

पीसीओडी, म्हणजे पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा बिघाड. त्याबद्दल घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरणारा मेसेज साधारण असा: ‘पीसीओडी हा पिझ्झा, जागरण आणि उशिरा लग्न यांचा आजार. आपल्या आज्यांना कुठे होता? लग्न झालं, मूल झालं की आपोआप जातो.’ असं ऐकून डॉक्टरांकडे जायची मुलगी अपराधी चेहऱ्याने गप्प बसते, म्हणून याला उत्तर द्यायलाच हवं.

आज्यांपासून सुरू करू. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी 1935 मध्ये अशा 7 बायकांची नोंद केली. पाळी येत नाही, मूल राहत नाही, काहींच्या अंगावर जास्त केस. आपल्याकडे तेव्हा सोनोग्राफी नव्हती आणि पाळीचं कुणी चारचौघांत बोलत नव्हतं. निदान झालं नाही म्हणजे आजार नव्हता, असं होत नाही.

आता कारण. एकच असं कारण नाही, पण आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. नेदरलँड्समधल्या जुळ्या बहिणींच्या अभ्यासात (2006) एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांमध्ये पीसीओडीबाबतचं साम्य इतर जुळ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त दिसलं. हा वारसा वडिलांकडूनही येतो, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नसतं. या आजारात बहुधा शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला, नीट दाद देत नाही, म्हणून ते रक्तात वाढतं. वाढलेलं इन्सुलिन बीजकोशाला (अंडाशयाला) जास्त पुरुषी संप्रेरकं बनवायला लावतं आणि त्यांना बांधून ठेवणारं यकृतातलं प्रथिन कमी करतं. मग मुरुमं येतात, हनुवटीवर केस येतात, बीज पूर्ण वाढत नाही, पाळी लांबते. सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नव्हेत, अर्धवट वाढून थांबलेल्या बीजपुटिका, म्हणजे बीज असलेल्या बारीक पिशव्या असतात.

वजन वाढलं की हे सगळं बळावतं, आणि थोडं उतरलं तरी पुष्कळींची पाळी सुधारते, हे खरं. पण सडपातळ मुलींनाही पीसीओडी होतो. त्यांना ‘पिझ्झा सोड’ सांगून काय साधणार?

उशिरा लग्नाचं तर गणितच चुकतं. लक्षणं बहुधा वयात येतानाच सुरू होतात, म्हणजे लग्नाचा विषय निघण्याच्या कितीतरी आधी.

आणि ‘आपोआप जातो’ हे सगळ्यात घातक. वयानुसार काहींची पाळी नियमित होते, पण मधुमेहाचा धोका लग्नाने किंवा बाळंतपणाने पुसला जात नाही. महिनोन्महिने पाळी न आल्यास गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, पुढे त्याच्या कर्करोगाची शक्यता वाढते. मूल हवं असणाऱ्यांसाठी बीज तयार करणारी औषधं आहेत, आणि त्यांनी अनेकींना दिवस जातात.

तेव्हा 3 महिने पाळी आली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि साखरेची तपासणी मागून घ्या. मात्र नुकती पाळी सुरू झालेल्या मुलीवर नुसत्या सोनोग्राफीवरून शिक्का मारू देऊ नका: किशोरवयीन मुलींच्या निदानासाठी ती वापरू नये, असं 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.