‘पावती मिळाली, विषय संपला’ : घातक कचऱ्याबद्दलचा एक सोयीचा गैरसमज

लघुउद्योजकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून फिरतो. शब्द बदलतात, दावे तेच राहतात. घातक कचऱ्याचे नियम मोठ्या केमिकल कंपन्यांसाठी आहेत. थोडासाच असेल तर पाणी घालून सोडून द्या. रिकामे ड्रम म्हणजे भंगार. आणि फारच काळजी वाटत असेल तर परवाना असलेल्या एजन्सीला माल द्या, पावती फाइलला लावा, विषय संपला. चारांपैकी शेवटचा दावा सगळ्यात शहाणपणाचा वाटतो आणि तोच सगळ्यात महागात पडतो. पण आधी पहिले तीन.

‘मोठ्यांसाठी आहेत.’ कचरा घातक ठरतो तो त्याच्या गुणांवरून, धंद्याच्या आकारावरून नाही. चटकन पेट घेतो का, धातू किंवा कातडी खातो का, कशाशी संबंध आला तर भडकतो किंवा विषारी वायू सोडतो का, त्यातलं विष जमिनीत झिरपतं का, हे बघितलं जातं. गॅरेजमधलं जळकं ऑइल, प्रेसमधल्या थिनरच्या चिंध्या, प्लेटिंगच्या, म्हणजे धातूला मुलामा देण्याच्या, टाकीच्या तळाचा गाळ, हे सगळं त्यात येऊ शकतं. अमेरिकेत महिन्याला 100 किलोपर्यंतच कचरा करणाऱ्यांना बरीच सवलत आहे. पण आपला कचरा घातक आहे का हे ठरवणं आणि तो योग्य जागीच पोचवणं त्यांनाही चुकत नाही.

‘पाणी घालून सोडा.’ एक किलो क्रोमियम शंभर लिटर पाण्यात असो की दहा हजार लिटरमध्ये, ते एक किलोच राहतं. फक्त आता ते गोळा करणं अवघड झालेलं असतं. नुसतं पातळ करून मर्यादेत बसवण्याची युक्ती नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे, म्हणून अमेरिकी नियमांत तिच्यावर थेट बंदीच आहे. शिवाय ‘सगळं एकाच टाकीत ओता’ हा सल्ला याच मेसेजच्या पोटात दडलेला असतो. सायनाइडच्या द्रावणात आम्ल गेलं तर हायड्रोजन सायनाइड वायू तयार होतो. तिथे माणसं मरतात. जळक्या ऑइलमध्ये क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट (विरघळवणारं रसायन) मिसळलं तर माणूस वाचेल, पण शुद्ध करून पुन्हा वापरता आलं असतं ते ऑइल भट्टीत जाळायच्या लायकीचं होतं. तो खर्च कोणाच्या बोकांडी बसणार, हे मेसेजमध्ये नसतं.

रिकाम्या ड्रमचं म्हणाल तर ज्वलनशील द्रवाचा ‘रिकामा’ ड्रम हा भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याचा असू शकतो. द्रव संपला तरी वाफ उरते, आत हवा शिरते, आणि कोणीतरी झाकण कापायला गॅस कटर लावतो. भारताच्या 2016 च्या घातक कचरा नियमांच्या यादीत घातक रसायनांनी माखलेले रिकामे पिंप आणि डबे घातक कचरा म्हणूनच धरले आहेत, ते उगाच नाही.

आता ती पावती.

हूकर केमिकल कंपनीने 1942 ते 1953 या काळात अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनॉल या अर्धवट खोदलेल्या कालव्यात सुमारे 20 हजार टन रासायनिक कचरा पुरला. 1953 मध्ये ती जमीन स्थानिक शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. खरेदीखतात कलम घातलं की पुढे या कचऱ्यामुळे कोणाला काही झालं तर कंपनी जबाबदार नाही. याहून पक्की पावती कुठे मिळणार? त्या जागेवर शाळा उभी राहिली, आजूबाजूला घरं झाली. 1978 मध्ये तिथे आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली. त्या काळी असं पुरणं ही सर्रास पद्धत होती, हा बचाव टिकला नाही. 1980 च्या सुपरफंड कायद्याने सफाईच्या खर्चाची जबाबदारी मागे जाऊन लावली, आणि 1995 मध्ये हूकरच्या वारस कंपनीने, ऑक्सिडेंटलने, अमेरिकेच्या केंद्र सरकारला 12.9 कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं.

दुसरं उदाहरण परवान्याचं. 2006 मध्ये तेलाचा व्यापार करणाऱ्या ट्रॅफिगुरा कंपनीने भाड्याने घेतलेलं ‘प्रोबो कोआला’ जहाज कचरा घेऊन अॅमस्टरडॅमला गेलं. तिथे प्रक्रियेचा दर वाढवून सांगितल्यावर माल परत जहाजात भरला गेला. पुढे पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टच्या अबिजान बंदरात एका स्थानिक कंपनीने तो त्या दराच्या किरकोळ हिश्श्यात उचलला. या कंपनीकडे परवाना होता, अगदी ताजा. प्रक्रियेची सोय मात्र नव्हती. कचरा शहराभोवती ठिकठिकाणी ओतला गेला, हजारो लोक दवाखान्यात गेले. पुढच्या वर्षी ट्रॅफिगुराने, जबाबदारी मान्य न करता, तिथल्या सरकारला जवळजवळ 20 कोटी डॉलर दिले.

म्हणून ‘परवाना आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या प्रकारच्या कचऱ्याचा, किती क्षमतेचा, मुदत कधीपर्यंत, आणि माल शेवटी कुठल्या जागी जाणार, हे विचारा. दर बाकीच्यांच्या मानाने फारच कमी असेल तर आनंद बाजूला ठेवून कारण विचारा. योग्य विल्हेवाट खर्चिक आहे, हे रडगाणं खरंच आहे. पण तो खर्च कमी करायचा तर कचराच कमी होईल असं काम बदलावं लागतं, वाहतूकदार बदलून भागत नाही.

आणि कागदच सांभाळायचा असेल तर पावतीऐवजी मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्यासोबत शेवटपर्यंत जाणारं नोंदपत्रक, सांभाळा. पावतीवरून कळतं ते इतकंच की माल तुमच्या गेटबाहेर गेला. भारतीय नियमांत मॅनिफेस्टच्या सात प्रती असतात आणि त्यातली सहावी, निळी प्रत कचरा स्वीकारणाऱ्याने पाठवणाऱ्याकडे परत पाठवायची असते. ती आली नसेल तर माल पोचल्याचा पुरावा तुमच्याकडे नाही. फोन करा, मग लेखी विचारा, तरी उत्तर नाही तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा, आणि तोपर्यंत पुढची गाडी भरू नका.